डोंगरी डाळिंबाचं बिऱ्हाड

दार्जिलिंगला किंवा शिलाँगला जाऊन आलेल्यांनी अझेलिया पाहिलेला असतो. कंबरेएवढं झुडूप आणि वसंतात पान दिसू नये इतकी फुलं. हिमालयातल्या बुरांशाचं हे भावंड. चिनी भाषेत त्याचं एक जुनं नाव आहे 'डोंगरी डाळिंब'. मला ठाऊक असलेला त्याचा सर्वांत जुना माळी म्हणजे तांग काळातला कवी बाइ ज्युयी.

८१५ साली चांगआन या राजधानीत पंतप्रधानांचा भर रस्त्यात खून झाला. मारेकऱ्यांना ताबडतोब पकडा, असा अर्ज बाइ ज्युयीनं सर्वांत आधी केला. तो होता युवराजांच्या पदरचा अधिकारी. असा अर्ज करणं त्याच्या अधिकारात बसत नव्हतं. विरोधकांनी तेवढंच धरलं आणि त्याची रवानगी दूर दक्षिणेला, ज्यांगचौला झाली. पद होतं, काम नव्हतं. गावाजवळ लूशान पर्वत. तिथं ८१७ मध्ये त्यानं गवताच्या छपराची झोपडी बांधली. डोंगरावरचा रानटी अझेलिया त्याच्या मनात भरला. त्यानं तो आपल्या पायरीशी लावला आणि त्याच्यावर कविता करून य्वान चन या मित्राला पाठवली. तोही बिचारा हद्दपारच होता!

८१९ मध्ये हुकूम आला, चुंगचौला जा. यांगत्से नदीनं उलट्या प्रवाहात, घळी ओलांडून पलीकडे. लूशानचा अझेलियाही तिकडे गेला.

हे झाड हलवणं वाटतं तितकं अवघड नाही. त्याची मुळं केसासारखी बारीक, जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली. मातीच्या गड्ड्यासकट अख्खी उचलता येतात. खरा प्रश्न पुढचा. खोल लावलं की ते गुदमरतं, बुंध्याशी खुरपं चालवलं की मुळं तुटतात. त्याला आम्लधर्मी, ओलसर, पण पाणी न साचणारी माती लागते. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अझेलिया हे नाव 'कोरडा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं, पण त्यावर विसंबून पाणी तोडलंत तर झाड गेलंच समजा.

चुंगचौला दुसऱ्या वर्षी ते फुललं. मुळं दुखावली होती तरी फुलं पूर्वीइतकीच आली, याचा आनंद बाइ ज्युयीनं कवितेत नोंदवून ठेवला आहे. त्याच वर्षी, ८२० मध्ये, राजधानीचं बोलावणं आलं. गावाच्या पूर्वेकडच्या उतारावर त्यानं पुष्कळ फुलझाडं लावली होती. निघताना त्यानं त्या झाडांचा निरोप घेणाऱ्या दोन छोट्या कविता लिहिल्या आणि तो नावेत बसला.