इंजिनचा पिवळा दिवा कुणाच्या मालकीचा?

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी मिसिंग करायला लागली. सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग थरथरायचं, चढाला दम टाकायची आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायचा. सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी लॅपटॉप लावला, मला स्क्रीन काही दाखवली नाही. संध्याकाळी फोन आला, "सर, ईसीएम बदलावा लागेल. अडतीस हजार." मी विचारलं, एरर काय आलाय? तर म्हणे, "ते सिस्टीममध्ये असतं, सर."

गाडी माझी, आजार तिचा, आणि निदान मात्र मला सांगायचं नाही! त्या उत्तराने डोकं फिरलं आणि मी या दिव्याचा इतिहास वाचत बसलो. थोडं लांबलंय, पण वाचा.

गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसमध्ये. जुलै १९४३. महायुद्ध चालू होतं. एके दिवशी शहरावर असा धुरकट पडदा उतरला की डोळे चुरचुरायला लागले, घसे धरले. जपानने विषारी वायू सोडला, असंच काहींना वाटलं. खरं कारण समोर यायला पुढची काही वर्षं गेली. एरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की मोटारींतून आणि तेलशुद्धीकरणातून हवेत जाणारी पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की हे धुरकं तयार होतं. शत्रू बाहेरचा नव्हताच, आपल्याच दारात पार्क केलेला होता. पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, त्याचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-स्मिट.

१९७० च्या अमेरिकी कायद्याने कंपन्यांना बजावलं, गाडीचा विषारी धूर ९० टक्क्यांनी कमी करा. कंपन्यांनी बरीच आदळआपट केली, पण १९७५ च्या मॉडेलपासून सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याच्या पुढच्या, तिन्ही विषारी वायू एकदम मारणाऱ्या प्रकाराला मात्र पथ्य कडक. एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा, फार इकडे-तिकडे चालत नाही. स्क्रू पिळून सेट केलेल्या कार्ब्युरेटरला हे झेपेना. म्हणून धुरात ऑक्सिजन सेन्सर बसला आणि त्याचं ऐकून पेट्रोल मोजणारा कॉम्प्युटर आला. म्हणजे ईसीएम घराघरातल्या गाडीत शिरला तो मुख्यतः धुराच्या कायद्यामुळे.

पण कॉम्प्युटर आला तसा मिस्त्री आंधळा झाला. पूर्वी कानाने ऐकून, एकेका प्लगची वायर काढून तो सांगायचा, "दोन नंबर मारत नाही." आता चूक डब्यात नोंदली जायची आणि प्रत्येक कंपनीचा डबा वेगळी भाषा बोलायचा. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून सक्ती केली की बिघाड झाला तर गाडीने दिवा लावून सांगायचं. तरी सॉकेट वेगळं, कोड वेगळे, हा गोंधळ होताच. तो मिटला १९९६ साली. अमेरिकेत प्रत्येक नव्या कारला एकच १६ पिनांचं सॉकेट, एकच कोडांची यादी. शिवाय १९९० च्या कायदादुरुस्तीत कलम होतं की धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यालाही मिळाली पाहिजे. तेवढ्याने भागलं नाही. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये दुरुस्तीच्या हक्कावर थेट मतदान झालं आणि ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी हक्काच्या बाजूने मत दिलं.

आपल्याकडे हे सॉकेट २०१३ पासून चारचाकींना सक्तीचं झालं. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. ठपका हाच, की सुटे भाग, निदानाची यंत्रं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजपर्यंत पोहोचू दिली जात नाही. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही आहेत. आपलं गाडं तेव्हा समितीपर्यंत आलं होतं.

आता माझ्या गाडीचं. मी ती आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी स्टिअरिंगखाली स्वस्तातला स्कॅनर लावला, स्क्रीन माझ्याकडे फिरवली. पी-०३०३. पी म्हणजे इंजिन-गिअरचा भाग, शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांचा सामाईक कोड, पुढचा तीन म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर, शेवटचे दोन आकडे सिलेंडरचा नंबर. तिसरा सिलेंडर पेटला नाही की क्रँक क्षणभर मंदावतो, ते सेन्सर टिपतो. दिवा लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतंय, गाडी दामटू नका, हेही त्यांनीच सांगितलं.

मग त्यांनी तिसऱ्या सिलेंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली, कोड पुसला, एक चक्कर मारली. दिवा परत आला, पण कोड आता पी-०३०१. बिघाड कॉइलबरोबर सरकला होता. म्हणजे ईसीएम ठणठणीत, कॉइल गेलेली. नवी कॉइल, मजुरी धरून दोन हजार दोनशे.

मिस्त्री हुशार आहेत, यात शंका नाही. पण तो कोड पहिल्या शून्यामुळे त्यांना वाचता आला. त्या जागी एक असता, तर तो कंपनीचा खासगी कोड, त्याचा अर्थ कंपनीच्या पुस्तकात. तो शून्य कुठल्या कंपनीच्या मोठेपणातून आलेला नाही, कायद्याने आणलाय.

तेव्हा दिवा लागला तर आधी विचारा, "कोड काय आलाय?" आणि लिहून घ्या. सांगत नसतील तर गाडी तिथून काढा. तुमच्याकडे असे अनुभव असतील तर खाली नक्की लिहा.