शाळेची घंटा आणि मुलांची झोप

घरातला सोळा वर्षांचा मुलगा सकाळी हाका मारूनही उठत नाही, हे दृश्य आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे असेल. आई तीनदा हाक मारते, आजोबा आपल्या विद्यार्थिदशेतील पहाटेच्या पाठांतराची आठवण देतात, आणि अखेर तो उठतो तो डोळे चोळीत, चिडूनच. आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. विद्यार्थ्याची निद्रा श्वानासारखी सावध असावी, हे सुभाषित ऐकतच आपण वाढलो. पण चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेलाही शरीराचा उपस्तंभ म्हटले आहे, याचा आपणांस सोयीस्कर विसर पडतो. तेव्हा मुलाचे उशिरा उठणे हा स्वभावाचा दोष की शरीराचा धर्म? या प्रश्नाचा निवाडा कसा होत गेला, ते आज पाहू.

विलायतेतील निवासी शाळांत मुलांना न्याहारीपूर्वीच अभ्यासाला बसविण्याची रीत होती. १९०५ साली डॉ. ॲक्लंड यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात अशा शाळांतील झोपेच्या तासांचा प्रश्न मांडला. म्हणजे तक्रार जुनी आहे. पुरावा मात्र पुढे मिळावयाचा होता.

तो मिळाला अमेरिकेत. १९७६ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरी कार्स्कॅडन आणि त्यांचे सहकारी दर उन्हाळ्यात मुलांना शिबिरास बोलावीत. रात्री दहा तास अंथरुणात राहण्याची मोकळीक द्यावयाची आणि झोप यंत्रांनी मोजावयाची, असा प्रयोग होता. वय वाढेल तशी झोपेची गरज घटत जाईल, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. लहान काय नि मोठी काय, सर्वच मुले सुमारे सव्वानऊ तास झोपली. इतकेच नव्हे, तर तेवढी झोप घेऊनही वयात येणारी मुले दिवसा अधिक पेंगुळलेली आढळली.

मग ती रात्री लवकर का झोपत नाहीत? १९५८ मध्ये आरन लर्नर यांनी मेलाटोनिन हे द्रव्य शोधून काढले होते. अंधार पडल्यावर ते शरीरात पाझरू लागते आणि रात्र झाल्याची वर्दी देते. वयात येताना ही वर्दीच उशिरा येऊ लागते. १९९३ मध्ये कार्स्कॅडन यांनी दाखवून दिले की, शरीर जसजसे प्रौढ होते, तसतसा मुलांचा कल उशिरा झोपण्या-उठण्याकडे झुकतो. अकरापर्यंत डोळा लागत नाही आणि सहाला घंटा होते. मधल्या सात तासांत नऊ तासांची झोप बसवावी कशी?

हे गणित सोडविण्याचे धाडस मिनेसोटा राज्यातील एडायना या गावाने केले. १९९६ मध्ये तेथील माध्यमिक शाळेची वेळ ७.२० वरून ८.३० वर नेण्यात आली. पुढच्याच वर्षी मिनिआपोलिस शहराने ७.१५ ची शाळा ८.४० वर नेली. बसगाड्यांच्या फेऱ्या बिघडतील, खेळांना वेळ उरणार नाही, अशी भीती होती. मुले तेवढीच अधिक जागतील, हाही आक्षेप होता. तो खोटा ठरला. निजण्याची वेळ फारशी बदलली नाही, झोप मात्र वाढली. सिॲटल शहराने २०१६ मध्ये हाच बदल केला, तेव्हा मनगटावरील यंत्रांनी सुमारे ३४ मिनिटांची वाढ नोंदविली. पुढे कॅलिफोर्नियात २०१९ साली कायदा झाला, आणि जुलै २०२२ पासून तेथील उच्च माध्यमिक शाळा, काही ग्रामीण भाग वगळता, साडेआठपूर्वी भरवू नयेत असे ठरले.

आपल्याकडेही हा प्रश्न निघाला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपालांनी शाळांच्या वेळेचा विचार व्हावा असे सुचविले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय केला. निर्णय स्वागतार्हच होता. पण विचार करा, श्रोतेहो! ज्या वयात शरीराचे घड्याळ मागे पडते, ते वय चौथीनंतरच सुरू होते. सवलत धाकट्याला मिळाली. थोरला सकाळच्या शाळेत पेंगत राहिला.

शाळेची वेळ आपल्या एकट्याच्या हाती नाही, हे खरे. पण पहाटेची शिकवणी लावावी की नाही, रात्री दहानंतर घरातले दिवे मंद करावेत की नाही, भ्रमणध्वनी उशाशी असावा की बाहेरच्या खोलीत, हे तर आपणच ठरवितो. मात्र हा नियम वडिलांनीही पाळला पाहिजे. आणि शाळेच्या पालकसभेत एकदा उठून घंटेच्या वेळेविषयी विचारण्यास कोणाची आडकाठी आहे? एडायनातही आधी प्रश्नच विचारला गेला होता. उद्या सकाळी मुलाला हाक मारण्यापूर्वी, रात्री तो किती तास झोपला, एवढे बोटांवर मोजून पाहावे. आळशी हा शब्द मग तोंडातून सहजी निघणार नाही.