न्हाणीघरातील रसायनशाळा

इतिहास म्हटला की आपल्याला गड, लढाया आणि सनदा आठवतात. न्हाणीघरालाही इतिहास असतो, हे सहसा कोणी मनावर घेत नाही. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटतो, तेल-उटणे आटोपते आणि शिकेकाईची वाटी घ्यावी की शाम्पूची पुडी फोडावी यावरून घरात दोन शब्द होतात, तेव्हा त्या दोन शब्दांमागे दोन-तीनशे वर्षांचा इतिहास उभा असतो.

'शाम्पू' हा शब्द विलायतेने आपल्याकडूनच नेला. मूळ हिंदी 'चाँपो', म्हणजे दाब, चेप. आपण पाय चेपतो तोच हा प्रकार. 1759 साली पाटण्यास जन्मलेले शेख दीन महंमद नावाचे गृहस्थ आयर्लंडमार्गे इंग्लंडात गेले आणि ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफेचे स्नानगृह काढून साहेबांची अंगे चेपू लागले. राजा चौथा जॉर्ज त्यांच्या गिऱ्हाइकांत होता. 1822 साली त्यांनी या विद्येवर पुस्तकही लिहिले. पुढे शब्दाचा अर्थ अंगावरून डोक्यावर चढला आणि तोच शब्द बाटलीत बसून आपल्या घरी परत आला.

शब्दाची कुळकथा झाली. आता द्रव्याची परीक्षा. ती करावयाची तर बारामती-इंदापूरसारखा मुलूख शोधून सापडणार नाही. दक्षिणेला नीरा, उत्तरेला भीमा, मध्ये बारामतीची कऱ्हा. आणि तरी पाऊस बेताचा. 1876-77 च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा निघाला आणि माळरानावर ऊस डोलू लागला. पण पाणी भरपूर आणि निचरा कमी, म्हणून जमिनीच्या पोटातले क्षार वर आले. रानेच्या राने चोपण झाली, कित्येक विहिरी मचूळ झाल्या. अशा पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असले, की डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. साबण त्या क्षारांशी संयोग पावतो आणि पाण्यात न विरघळणारा पांढुरका साका तयार होतो. तो केसांना धरून बसतो.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे रसायनशास्त्रज्ञ टॉमस क्लार्क यांनी पाण्याचा जडपणा मोजण्याची रीत बसवली. पाण्यात मोजून साबणाचे द्रावण घालावयाचे आणि टिकाऊ फेस येईतो किती लागले ते पाहावयाचे. ही रीत शास्त्राच्या पुस्तकांत गेली. आपल्याकडच्या बाया नव्या विहिरीचे पाणी डाळ शिजवून आणि फेस काढून जोखतात, तेव्हा त्याही हेच करीत असतात. फक्त त्यांच्या नावावर रीत नाही.

या गोष्टीची किंमत मला एका मुलीमुळे कळली. कालव्याच्या शेपटाकडील एका शाळेत प्रार्थनेनंतर नखे आणि केस तपासले जात. एका मुलीचे केस नेहमी चिकट, राखेसारखे. "डोकं धुवून यावं माणसानं," असे तिला चारचौघांत ऐकावे लागे. ती तर दर रविवारी साबण घासघासून न्हात होती! मी तिच्या आईला विचारले. ती म्हणाली, "आमच्या हिरीच्या पान्याशी साबनाचं पटत नाय, गुरुजी. आमची म्हातारी शिकेकाईच लावायची. पन पोरीला आता तिची लाज वाटती."

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. रसायनशास्त्रातला माझा अधिकार तो किती! तरी दोन बाटल्या वर्गात आणल्या. एकीत तिच्या विहिरीचे पाणी, दुसरीत पावसाचे. दोन्हींत सारखाच साबण टाकून मुलांकडून हलवून घेतल्या. पावसाच्या पाण्यावर बोटभर फेस. विहिरीच्या पाण्यात गढूळ साका. मग तेच दोन प्रकारचे पाणी घेऊन त्यांत शिकेकाईचा काढा घातला. दोन्हीकडे फेस आला. शिकेकाई आणि रिठे यांतल्या 'सॅपोनिन' द्रव्याला या क्षारांचे वावडे नाही. त्या दिवसानंतर त्या मुलीला कोणी घाणेरडी म्हटले नाही.

दुसरी परीक्षा आम्लतेची. वनस्पतींच्या रंगांवरून आम्ल आणि अल्कली ओळखता येतात, हे रॉबर्ट बॉइलने 1664 च्या आपल्या ग्रंथात दाखवले. 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेनने त्याला आकड्यांची पट्टी दिली, तीच 'पीएच'. सात म्हणजे समतोल. खाली आम्ल, वर अल्कली. निरोगी टाळू साडेपाचाच्या आसपास असते, साबण नऊ-दहाच्या घरात. आमच्या ऊसकऱ्यांना सांगायचे तर ताज्या रसाचा आकडाही साडेपाचाच्या जवळपासच येतो. साखर कारखान्यात चुना घालून तो सातापर्यंत चढवतात. रसाला चुना लागतो, डोक्याला लागत नाही. अल्कलीने केसांची खवले उघडतात, केस खरखरीत होतात आणि एकमेकांत गुंततात. साबणाने न्हाल्यावर आंबट ताक किंवा पाण्यात लिंबू पिळून लावण्याच्या चालीत म्हणूनच अर्थ आहे.

मग शाम्पू वाईट का? मुळीच नाही. 1934 च्या सुमारास अमेरिकेत 'ड्रीन' हा साबणाविना बनवलेला शाम्पू निघाला. जड पाण्यातही त्याचा साका होत नसे. शिकेकाई ज्या अडचणीतून आपली सुटका करीत आली, तीच अडचण त्याने कारखान्यातून सोडवली. उलट, 'नैसर्गिक' म्हणून सारेच सौम्य असेही नाही. शिकेकाई डोळ्यांत गेल्याची आठवण कोणत्या मराठी मुलाला नाही?

तेव्हा या दिवाळीत वाद घालण्याआधी वाटीत चिमूटभर हळद कालवा आणि तीत न्हाण्याच्या द्रव्याचे चार थेंब टाका. हळद लालसर झाली तर ते अल्कली. पिवळीच राहिली तर तसे काळजीचे कारण नाही. मग थोडे द्रव्य आपल्या नेहमीच्या पाण्यात हलवून फेस येतो की साका, तेही पाहा. मुलांना शेजारी बसवा. आणि आजी जवळ असल्या तर त्यांच्या वेळी कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत असे, तेही विचारून घ्या.