उलट्या अक्षरांतली विहीर

उतरा, उतरा. गाडी इथे फार वेळ थांबत नाही.

पायाखाली तापलेला मुरूम आहे आणि तुमच्या पायांत काहीही नाही. एक पाय उचलावा तर दुसरा भाजतो. तोंडात कोळशाची कच, नाकात धूर, आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यातल्या गर्दीचा घाम अजून तुमच्या लुगड्याला चिकटलेला. शिट्टी फुंकून इंजिन दौंडच्या दिशेने निघून गेलं. मागे उरलं ते केडगाव: बाभळी, धूळ आणि उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ. 1910 च्या आसपासचा वैशाख समजा. नेमकी तारीख सांगायला इथे कोणाला सवड नाही.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. आज तुम्ही बाई आहात. पुरुष वाचकांनी कुरकुर करू नये, फार वेळ लागणार नाही. पदर सावरा. पदराखाली हात गेला की कळेल: डोकं भादरलेलं आहे, खुंट बोटांना टोचतात. वय सतरा. नवऱ्याचा चेहरा आठवून पाहा. येत नाही, कारण तो गेला तेव्हा तुम्ही अंगणात सागरगोटे खेळत होता. पुढची सगळी वर्षं वाड्याच्या मागच्या खोलीत गेली. सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या नंतर जेवायचं, कोणी कामाला बाहेर निघालं तर समोर यायचं नाही. तुम्हाला नाव होतं, पण हाक मारायला ते कोणी वापरत नसे.

निराधार बायकांच्या मुक्तिसदनाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की आधी आवाज अंगावर येतो. मोटेची कुरकुर, हातमागाचा खटखटाट, दगडावर आपटणारं धुणं, बाराखडी घोकणारी पोरं, आणि या सगळ्यावर ताण करणारी शेकडो बायकांची बोलणी. गुजराती कानावर पडते, मध्य प्रांतातली हिंदी पडते, मराठी तर आहेच. छप्पनियाच्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्या पोरींच्या बरगड्या तेव्हा मोजता येत होत्या. आता त्यांतलीच एक भरलेली घागर काखेत घेऊन तुम्हाला ढकलून पुढे गेली. मग वास येतात: शेण, घाण्यावरचं तेल, ओले कपडे, चुलाणावर रटरटणारी डाळ.

तुम्ही अंग चोरून उभ्या. आता कोणीतरी जात विचारेल, नवरा कशाने गेला ते विचारेल, पत्रिकेत काय होतं तेही विचारेल. एक ठेंगणी, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली बाई येते आणि विचारते, "पोटात काही आहे का?"

जेवणाआधी आंघोळ. पाणी कोमट आहे, आणि ते दुसरीच कोणी तुमच्या डोक्यावर ओततेय. टाळूवरून तिचा तळवा फिरतो. त्या डोक्याला इतक्या वर्षांत न्हाव्याच्या वस्तऱ्याखेरीज दुसरा स्पर्श नाही. रडू येणार, येऊ द्या. पाण्यात कोणाला दिसत नाही. लाल अलवण कुठे नेलं ते विचारू नका. हे साधं धुतलेलं लुगडं नेसा.

पंगतीत भाकरी, डाळ, कांदा. शेजारणीची मांडी तुमच्या मांडीला लागते आणि तुम्ही सरकता. ती कोणाची कोण, कोणत्या आळीतली, हे मनात येतंच. सतरा वर्षांचं सोवळं एका आंघोळीत उतरत नाही. ती काही बोलत नाही. स्वतःच्या भाकरीतली अर्धी मोडते आणि तुमच्या ताटात टाकते. जरा वेळ तुम्ही त्या अर्ध्या भाकरीकडे बघत राहता. मग भूक जिंकते.

त्या पलीकडून चालल्या आहेत त्या बाई. पंडिता रमाबाई, हे सदन त्यांचंच. पांढरं लुगडं, आखूड कापलेले पिकलेले केस, घारे डोळे, लहानखुरी अंगकाठी. ऐकू कमी येतं, म्हणून त्यांच्याशी बोलताना सगळ्या घसा ताणतात. वाड्यात हे नाव निघालं की ओठ मुरडले जायचे: बाटली, आणि बाटवते. आता यात लपवाछपवी नाही; इथे सकाळ-संध्याकाळ ख्रिस्ताचंच नाव चालतं. जिला दुसरं छप्पर नाही तिची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न मलाही पडतो. पण ज्यांनी तो सगळ्यांत मोठ्याने विचारला, त्यांच्या वाड्यांतल्या मागच्या खोल्या तशाच राहिल्या.

बाई तुमच्या ताटाकडे बघून पुढे जातात. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नाही. देवळादेवळांत पुराण सांगत हिंडणारे वडील, आई आणि थोरली बहीण अशी तीन माणसं दुष्काळाच्या उपासमारीत त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. त्या वेळी त्या तुमच्याच वयाच्या होत्या.

चला, कामाला लागा. लिहितावाचता येतं का? भावाच्या पाटीवरून चोरून शिकलात ते इथे बोलायला हरकत नाही. मग छापखाना. काळप्रवासाची एवढी एक सोय असते की सहा महिन्यांची उमेदवारी आपल्याला एका दुपारीत उरकता येते.

पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं उकडतंय. शाईचा उग्र दर्प, यंत्र पुसायच्या घासलेटचा वास, शिशाची कडवट चव ओठांवर. यंत्राचा धडधडाट जमिनीतून तळपायात चढतो. समोर लाकडी केसा, त्यांत बारीक बारीक खण, खणाखणांत शिशाचे खिळे. मराठीचा पसारा मोठा: काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरांचा तर स्वतंत्र गोतावळा. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने खिळा उचलायचा, बसवायचा. अक्षर आरशात पाहिल्यासारखं उलटं. बोटं काळी होतात, घाम पुसता तेव्हा कपाळही काळं होतं. एवढी कुंकवाची बंदी असलेल्या कपाळावर काहीतरी लागलं एकदाचं, असं शेजारची गुजरातीण खिदळत म्हणते.

बाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत आहेत, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. ते जुळवणाऱ्या बायका, छापणाऱ्या बायका, प्रुफं तपासणाऱ्याही बायकाच. तुमच्या वाट्याला आलंय योहानाच्या शुभवर्तमानातलं चौथ्या अध्यायाचं पान.

वाचायला घेतलं असतं तर ते पान क्षणात संपलं असतं. तुम्ही ते एकेका अक्षराने आत घेताय. वि. ही. र. भर दुपार. एक बाई एकटीच पाणी भरायला आली आहे. तुमचा हात थांबतो. भर दुपारी पाण्याला कोण जातं? जिला सकाळी चारचौघींबरोबर जायची चोरी, तीच. विहिरीच्या काठावर प्रवासाने दमलेला एक पुरुष बसलाय. त्याची जमात हिच्या जमातीच्या भांड्याला शिवत नाही. आणि तो तिच्याकडे पाणी मागतो.

मागतो. तुम्हाला वाड्यात फर्मावत होते; मागितलं कधी कोणी नव्हतं. त्या बाईने पाच नवरे केलेले, आता सहाव्याजवळ राहते, हे त्याला ठाऊक आहे, तरी बोलणं तुटत नाही. ओळ संपेपर्यंत तुमच्या हातांना कंप सुटलेला असतो आणि एक वेलांटी उलटी बसते.

"बाईसुद्धा इथेच अडकल्या होत्या," गुजरातीण म्हणते. विलायतेत वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांनी त्यांना लंडनजवळ फुलहमला नेलं होतं. जगाने ओवाळून टाकलेल्या बायकांना तिथे माया करून उभं करत होते. हे कशासाठी, असं बाईंनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने हीच विहिरीवरची गोष्ट सांगितली. पुढे 1883 साली बाईंनी बाप्तिस्मा घेतला. "पण बाई स्वतःच सांगतात, तेव्हा धर्म मिळाला, ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षं लागली. पंडितेला आठ वर्षं लागली, तुला कसली घाई? वेलांटी सरळ कर."

उन्हं उतरली की प्रार्थना. देवळात फरशीवर दाटीवाटीने बसा, गुडघा गुडघ्याला लागेल. कोपऱ्यात आंधळ्या मुली आहेत. त्या बोटांनी वाचतात, लेक मनोरमाबाईंनी शिकवलंय. सुरुवात गाण्याने, टाळ्यांच्या ठेक्यावर. आणि मग एकदम सगळ्याच जणी, आपापल्या भाषेत, मोठमोठ्याने देवाशी बोलू लागतात. कानठळ्या बसतात. कोणी हुंदके देतेय, कोणी हात वर करून हसतेय. पाहुण्यांना हा गोंगाट सोसत नाही, पण त्याची एक सोय आहे: तुमचं कोणालाच ऐकू येत नाही. तुम्ही तोंड उघडता आणि आधी देवाला शिव्या देता. सागरगोट्यांपासून सुरुवात करून यथेच्छ. त्या संपायला बराच वेळ लागतो. मग तहान लागते, आणि शेजारणीने तांब्या आधीच पुढे केलेला असतो.

रात्री पडवीत जमीन अजून गरम. झोप येईना म्हणून गुजरातीण 1905 च्या जूनमधली हकिगत सांगते. पहाटे एका मुलीवर पवित्र आत्मा उतरला. पाहणारीला ती पेटल्यासारखी दिसली. पाहणारी धावत गेली आणि पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार एवढ्यात तिला कळलं की ही आग तसली नव्हे. "ओतली असती तर?" तुम्ही विचारता. "तर काय, बिछाना भिजला असता," ती म्हणते आणि कूस बदलते.

पहाटे घंटा होते. छापखान्यात तुमचं प्रूफ परत आलंय, समासात बारीक खुणा. एक अनुस्वार सुटलेला, एक शब्द दोनदा आलेला. रागावून कोणी काही लिहिलेलं नाही. फक्त सगळं पुन्हा तपासलेलं आहे. हे सबंध पुस्तक बाहेर पडेल तेव्हा 1924 साल उजाडलेलं असेल. बाई त्याआधीच, 1922 च्या एप्रिलमध्ये, आपलं काम हातावेगळं करून गेलेल्या असतील. आत्ता मात्र त्या दाराशी उभ्या आहेत आणि पुढचं पान कधी मिळेल ते विचारताहेत. तुमच्याकडे मागताहेत.

संध्याकाळी पुण्याकडे जाणारी गाडी आहे, घरी जायचं तर तिने जाता येईल. पण काल गडबडीत तुम्ही 'ल'च्या खणात 'ळ' टाकून ठेवलेत, आणि ते सगळे निवडून जागच्या जागी गेल्याशिवाय गुजरातीण तुम्हाला उठू द्यायची नाही.