सिंक्रो घ्यावी की साधीच?

ज्या गाडीचं इंजिनच मागे आहे तिला फोर-व्हील-ड्राइव्ह लागतंच कशाला? प्रश्न वेडगळ नाहीये. फोक्सवॅगनच्या जुन्या ट्रान्सपोर्टरमध्ये इंजिनाचं वजन ज्या चाकांना ताकद मिळते त्यांच्याच डोक्यावर. त्यामुळे साधी टू-व्हील व्हॅनसुद्धा चढावर बऱ्यापैकी पकड धरते.

तरी १९७० च्या दशकात गुस्ताव मायरना स्वस्थ बसवेना. हे ट्रान्सपोर्टर डेव्हलपमेंटचे प्रमुख. त्यांच्या टीमने दुसऱ्या पिढीच्या व्हॅनला फोर-व्हील-ड्राइव्ह बसवून थेट सहारात पिदडली. (आमच्या आयटीत याला यूएटी म्हणतात, फक्त एसीत बसून!) ती गाडी बाजारात आली नाहीच. तिसरी पिढी १९७९ ला आली आणि तिची सिंक्रो १९८५ ला. तीही जर्मनीत नाही, ऑस्ट्रियात ग्राझला श्टायर-डाइमलर-पुखच्या कारखान्यात तयार व्हायची.

खरी गंमत तिच्या व्हिस्कस कपलिंगमध्ये आहे. एक बंद डबा, आत पातळ चकत्या आणि सिलिकॉनचं द्रव. एक आड एक चकती गिअरबॉक्सकडून फिरते, बाकीच्या पुढच्या अ‍ॅक्सलला जोडलेल्या. दोन्हीकडचा वेग सारखा असेल तर डबा जवळजवळ गप्प. मागची चाकं घसरून जोरात फिरायला लागली की द्रव घुसळलं जातं, चकत्यांना धरतं आणि पुढच्या चाकांकडे ताकद जाते. सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही. दिवसभर बग फोडणाऱ्या माणसाला हे बघून हेवा वाटतो हो!

पण किंमत मोजावी लागतेच. वजन वाढलं, पेट्रोल जास्त. पुढे असलेली टाकी मागे गिअरबॉक्सवर गेली. नाकाखालची स्टेपनी उचलून गाडीच्या आत आली, आणि वेस्टफालियाच्या कॅम्परमध्ये तर कपाटाचा इंच न् इंच मोलाचा. शिवाय चारही टायर सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर कपलिंग विनाकारण राबत राहतं. वय झालं की ते आखडतं, मग कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडखळते.

उत्पादन १९९२ ला संपलं. म्हणजे आज सगळ्यात तरुण सिंक्रोसुद्धा तिशी ओलांडलेली, आणि साधीपेक्षा बरीच महाग. आम्ही दोघं म्युनिकला राहतो आणि साठवलेल्या पैशांत एकच व्हॅन येणार. बायकोला हिवाळ्यात आल्प्स हवेत, मला उन्हाळ्यात तळ्याकाठी खुर्ची. माझं मत साधीला. मागचा डिफरेन्शियल लॉक असलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं, वर चांगले विंटर टायर, आणि उरलेले पैसे गंजासाठी. या गाड्या पत्र्याच्या सांध्यांतून गंजतात, तिथे चार चाकं काय करणार?

बायको म्हणते, "अरे, बर्फात अडकलो तर ढकलणार कोण?"

पुढच्या शनिवारी एक सिंक्रो बघायला निघालोय. टॉर्च आणि चुंबक घेऊन.