उंबरठ्यावर न उमटलेलं बोट

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या रावेरकडे पितरांची घागर भरतात. नवी लाल घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, शेजारी सांजोऱ्या आणि आंबे. मग आजी उंबरठ्याशी बसून एकेका पूर्वजाचं नाव घ्यायची आणि कुंकवाचं एकेक बोट ओढायची. एकाचं नाव मात्र नुसतं घ्यायची. आजीचं माहेर धुळ्याकडचं, शिरपूरचं. विचारलं की अहिराणीतच म्हणायची, "तो मरना हाई कोनी दखं?"

हा माणूस म्हणे भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर गेला. बैल घेऊन गेला की घोड्यांच्या दाण्याबरोबर, ते तिच्या सांगण्यात दर वर्षी बदले. फौज मात्र आमच्या उशालगत बऱ्हाणपुरावरून गेली, हे खरं. उदगीरला निजामाला नमवून सदाशिवरावभाऊ १७६० च्या उन्हाळ्यात त्या वाटेने नर्मदेपार गेले. संगती लढवय्ये होते, तसे यात्रेकरू, बायका आणि बाजारबुणगेही होते.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव पडले. भाऊ घोड्यावर बसून गर्दीत शिरले, ते परतले नाहीत. पुढे शिर नसलेला एक देह त्यांचा म्हणून ओळखला गेला आणि त्याला अग्नीही दिला गेला. पण भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. त्या स्वतः पानिपतच्या छावणीत होत्या. १७८३ मध्ये देह ठेवेपर्यंत त्यांनी कुंकू पुसलं नाही. अशा आशेच्या आधारानेच तोतये उभे राहतात. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणत उठला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणातले किल्ले घेतले. शेवटी तो पकडला गेला, पुण्यात चौकशी झाली आणि त्याच वर्षी त्याला देहदंड मिळाला. लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण भाऊ परत यावेत असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आमच्या माणसाचा तोतयाही कधी आला नाही. पण त्याला भरीत फार आवडायचं, तेही कळण्याच्या भाकरीबरोबर, असं आजी ठामपणे सांगे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाची आवड तिला सासूने सांगितली, सासूला तिच्या सासूने. त्यात खरं किती, देव जाणे. पण तेवढ्यामुळे तो माणूस घरात राहिला.

परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहून पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांची प्रतिमा करून अंत्यसंस्कार, करावा, असं शास्त्र सांगतं. कायदा सात वर्षं धरतो. शेत-घर कुणाच्या तरी नावावर लागायला हवं, म्हणून या मुदती हव्यातच. घरच्यांच्या मनाला मात्र मुदत घालू नये. आजही कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा सुरतेच्या गाडीत बसतो आणि पुन्हा पत्ता लागत नाही. त्या घरी गेलात तर "आता सोडून द्या" म्हणू नका. तो काय खायचा, कशाला हसायचा, ते विचारा. सांगणाऱ्याला तेवढंच हवं असतं.