लोहाऱ्याचा डोंगर आणि न घडलेला पत्रा

१/
मोटारीचे दार, स्वयंपाकघरातील पातेले आणि छपरावरील पन्हाळी पत्रा. या तिन्ही वस्तूंचे मूळ एकच आहे: लाटून सपाट केलेले पोलाद. भारतातील पोलादाच्या आधुनिक इतिहासाचे पहिले पान चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात लिहिले गेले. तरीही पत्रा मात्र तेथे घडला नाही. असे का झाले, याची ही कथा.

२/
प्रथम पत्र्याचे शास्त्र पाहू. सपाट गोल चकतीचे पातेले करताना तिची कड एका कड्याखाली दाबून धरतात आणि मधला भाग ठोकळ्याने साच्यात ढकलतात. कडेवरचा दाब कमी पडला तर पत्र्याला सुरकुत्या पडतात. जास्त झाला तर पत्रा तळाच्या कोपऱ्याशी फाटतो. या दोन अपयशांच्या मधली चिंचोळी वाट शोधणे हेच या कलेचे सार होय.

३/
१९६० च्या दशकात कीलर आणि गुडविन या अमेरिकी अभियंत्यांनी ही वाट मोजण्याची रीत सिद्ध केली. पत्र्यावर लहान वर्तुळांची जाळी उमटवायची, पत्रा दाबायचा आणि वर्तुळे ताणून किती लंबगोल झाली ते पाहायचे. कोणत्या ताणापर्यंत पत्रा तग धरतो, याचा आलेख त्यातून तयार झाला. परंतु ही मर्यादा केवळ प्रेस ठरवत नाही. तिचा मोठा भाग धातू वितळतानाच ठरून गेलेला असतो.

४/
लोखंडात गंधक राहिले तर ते तापवून घडवताना तडकते. फॉस्फरस राहिला तर ते थंड अवस्थेत ठिसूळ होते. गंधक मुख्यतः दगडी कोळशातून येते. लाकडाच्या, म्हणजे लोणारी कोळशात ते जवळजवळ नसते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात वेल्समधील कलईच्या पत्र्याच्या बाजारात लोणारी कोळशावर केलेल्या लोखंडाचा पत्रा कोकवर केलेल्या पत्र्यापेक्षा वरच्या प्रतीचा गणला जाई.

५/
आता चांद्याकडे वळू. येथील जंगलांत मातीच्या लहान भट्ट्यांत लोहदगड आणि लोणारी कोळसा यांचे थर रचून, भाता मारून लोखंड काढले जाई. ते वितळून वाहत नसे. मळीसकट स्पंजासारखा गोळा हाती येई. तो पुन्हा पुन्हा तापवून, ठोकून मळी बाहेर काढली की मऊ, चिवट लोखंड उरे. त्यातून नांगराचे फाळ, कुऱ्हाडी आणि विळे घडत.

६/
ही विद्या अज्ञानामुळे लोपली नाही. ब्रिटिश अमलात मध्य प्रांतातील लोहकारांवर भट्टीचा कर बसला. वने राखीव झाल्याने कोळशासाठी लाकूड तोडणे अवघड झाले. त्याच काळात रेल्वेने स्वस्त विलायती लोखंड बाजारात आणले. या तिहेरी माऱ्यापुढे भट्ट्या एकामागून एक विझल्या. लोहारा हे गावाचे नाव तेवढे त्या व्यवसायाची साक्ष देत उरले.

७/
१८८२ साली रिटर फॉन श्वार्झ या युरोपीय तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोहाऱ्याच्या डोंगरात उत्तम खनिज आहे आणि वरोऱ्याची कोळसा खाण तेथून फार दूर नाही, हा त्याचा गाभा. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती तो पडला. भारतात पोलादाचा कारखाना काढण्याच्या त्यांच्या ध्यासाला येथे निश्चित दिशा मिळाली.

८/
अडचण कोळशाची होती. मोठ्या झोतभट्टीत खनिजाचा प्रचंड भार पेलायला कडक, सच्छिद्र कोक लागतो. वरोऱ्याच्या कोळशाचा तसा कोक होईना. खाणपट्ट्यांच्या सरकारी अटीही जाचक होत्या. डोंगर होता, भांडवल उभे करणारा माणूस होता. पण दोघांना जोडणारे इंधन नव्हते. टाटांनी योजना बाजूला ठेवली, ती सतरा वर्षे.

९/
१८९९ मध्ये कर्झनच्या काळात खाणींचे नियम सैल झाले आणि योजनेला पुन्हा जीव आला. १९०४ मध्ये अमेरिकी भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांच्यासह दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला चांद्याच्या रानात हिंडले. खनिज खरोखरच कसदार निघाले. परंतु आधुनिक कारखान्याला वर्षानुवर्षे पुरेल इतके ते एका जागी नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात जमशेटजींचे निधन झाले.

१०/
चांद्याचा बेत सोडत असल्याचे कळवण्यास दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. भेटीला अवकाश होता, म्हणून ते जवळच्या संग्रहालयात शिरले. तेथील भूशास्त्रीय नकाशावर दुर्ग भागात लोखंडाची गडद खूण दिसली. तो मागोवा धल्ली-राजहराच्या डोंगरांपर्यंत गेला. पुढे भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजातील खनिजाची वार्ता दिली. झरियाचा कोळसा तेथून सोयीचा होता. पारडे पूर्वेकडे झुकले.

११/
२६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली. फेब्रुवारी १९१२ मध्ये साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, पहिले पोलाद निघाले. १९२० मध्ये जमशेदपूरच्या शेजारी टिनप्लेट कंपनी स्थापन झाली. तिच्या पत्र्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे घासलेटचा चौकोनी डबा. त्या काळी पत्रे एकावर एक रचून, तापवून, दुमडून गड्डीनेच लाटत. भट्टीसमोरच्या धगीत हे काम माणसेच करीत.

१२/
स्वातंत्र्यानंतर राउरकेला येथे सपाट पोलादाचा मोठा सरकारी कारखाना उभा राहिला. धल्ली-राजहराचे खनिज भिलाईला गेले. चांद्याच्या वाट्याला मात्र खाणी, कागद आणि वीज आली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. टाटा कंपनीच्या नोंदणीला त्या दिवशी बरोबर ७५ वर्षे होत होती आणि श्वार्झच्या अहवालाचे ते शताब्दी वर्ष होते.

१३/
१९९० च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे स्पंज आयर्नचा कारखाना आला. या पद्धतीत कोकची गरज नसते. खनिज न वितळवता साध्या कोळशाच्या साहाय्याने त्यातील प्राणवायू काढून घेतात. वरोऱ्याच्या कोळशाने घातलेली गाठ अशी सुटली. आणि तत्त्व पाहिले तर ते जंगलातील मातीच्या भट्टीचेच होते. हिणवून टाकून दिलेली रीत नव्या देहात परत आली.

१४/
आज एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे खनिज काढले जात आहे आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे कारखाने उभे राहत आहेत. सुरजागडचा डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे ठाणे आहे. तेथील अनेक ग्रामसभांनी खाणीला विरोध नोंदवला, तर अनेक तरुण रोजगाराची वाट पाहत आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१५/
स्पंज आयर्नमध्ये खनिजातील माती आणि फॉस्फरस तसेच राहतात. ते काढून टाकण्याचे शुद्धीकरण पुढच्या भट्टीत नीट झाले नाही, तर त्यापासून बांधकामाच्या सळया होतील. खोल साच्यात न फाटणारा पत्रा होणार नाही. खनिज विकणे, सळई विकणे आणि मोटारीच्या दाराचा पत्रा विकणे यांत कौशल्याच्या आणि मोलाच्या पायऱ्या आहेत. प्रत्येक वरची पायरी म्हणजे अधिक प्रशिक्षित हात आणि अधिक मजुरी.

१६/
१८८२ मध्ये प्रश्न असा होता, की चांद्यात लोखंड आहे काय? त्याचे उत्तर मातीच्या भट्ट्यांनी कधीच दिले होते. आजचा प्रश्न वेगळा आहे. डोंगर ज्यांचा, त्यांच्या मुलांना त्यातील किती पायऱ्या चढता येतील? जुन्या लोहकारांना आपल्याच रानातील कोळसा नाकारला गेला होता. इतिहास वाचणाऱ्याने कोनसरीच्या धुराड्यांकडे पाहताना एवढे तरी लक्षात ठेवावे.